होकाराचे शॉट

तहसीलदाराने टेबलाच्या खणातून पेढ्यांचा पुडा काढून पुढे धरला, तेव्हा सुकेशनीला आधी वाटलं, माणूस टोमणा मारतोय.

वाटणारच. आदल्या संध्याकाळी 'थेट गावातून' या तिच्या कार्यक्रमात तिने याच माणसाची साऱ्या महाराष्ट्रासमोर सालटी काढली होती. पळसबोडी गावाच्या डोक्यावर वीज कारखान्याचा राखेचा बंधारा आहे. कोळसा जाळून उरलेली राख पाण्यात कालवून तिथे सोडतात, वर्षानुवर्षं सोडतात. त्या बंधाऱ्याची भिंत आतून पोखरली जातेय, गावकरी ओरडताहेत आणि तहसीलदार अर्जांवर चहाचे कप ठेवतोय, असं तिने सांगितलं होतं. अगदी कपासकट दाखवलं होतं.

"घ्या मॅडम, घ्या," तहसीलदार म्हणाला. "आमच्या मिसेसनी मुद्दाम पाठवलेत. 'प्रशासन डोळ्यांत तेल घालून उभं आहे', काय वाक्य होतं तुमचं! घरी सगळ्यांना भरून आलं."

"माझं वाक्य?"

"मग कोणाचं?"

सुकेशनीने मागे वळून इस्माईलकडे पाहिलं. इस्माईल शेख तिचा कॅमेरामन. तिने उच्चारलेला शब्दन्‌शब्द त्याच्या हेडफोनमधून जातो. त्याने कपाळाला आठी घालून नुसती मान हलवली. नाही.

ती पेढा न घेता बाहेर आली. पायऱ्यांवर उभं राहूनच तिने बाबांना फोन लावला.

तिचे बाबा, गोविंदा रामटेके, पळसबोडीतच राहत. तेही बोडीपुऱ्यात, म्हणजे गावाच्या अगदी खालच्या अंगाला, बंधारा फुटला तर सगळ्यात आधी गाडलं जाईल अशा घरात. म्हातारा एकटा. बायको वारलेली, हृदयाला झडप बसवलेली. आता कोणी विचारेल, बातमी हातात आल्याबरोबर पोरीने आधी बापाला का नाही सांगितलं? नाही सांगितलं. या धंद्यातल्या माणसांना ही खोडच असते. बातमी प्रसारित होईपर्यंत सख्ख्या बापालाही सांगायची नाही. 'टीव्हीवर बघा' एवढंच म्हणायचं. तिने तेच केलं होतं. कार्यक्रम संपल्यावर फोन करून विचारलं होतं, "बाबा, पाहिलंत ना?" ते म्हणाले होते, "पाह्यलं ना बाई. तू सांगतलं तसंच करतो." मग ती निर्धास्त झोपली होती.

"बाबा, शाळेत पोचलात ना?" आता तिने विचारलं. गावची शाळा वर टेकडीवर आहे. 'बोडीपुरा आजच्या आज रिकामा करून शाळेत जा,' असं तिने कार्यक्रमात हात जोडून सांगितलं होतं.

"शाळेत? कायले?"

"अहो, भिंत—"

"भित मजबूत हाय. तूच तं सांगतलं काल. घरातून हालू नका म्हणून सांगतलं."

ती गाडीकडे धावली. इस्माईलने तिच्या हातातली गाडीची किल्ली काढून घेतली.

*

गाडी पळसबोडीच्या रस्त्याला लागल्यावर तिने वाहिनीचा कार्यकारी संपादक निनाद प्रभुदेसाई याला फोन लावला.

"सुकेशनी, जबरदस्त!" निनाद ओरडला. "काल टीव्हीसमोरून एक माणूस उठला नाही. एक!"

"निनाद, माझ्या तोंडी कोणी घातलं की भिंत मजबूत आहे?"

तो लहान मुलाला समजवावं तसा बोलायला लागला. "अगं, कोणी घातलं नाही. घरबोली आहे ती."

घरबोली तिला ठाऊक होती. तिनेच तर कौतुकाने संमती दिली होती. बातमीदार बोलतो पुस्तकी मराठी आणि ऐकणारा असतो झाडीपट्टीतला, खानदेशातला, मालवणातला. म्हणून वाहिनीने प्रत्येक घरात एक डबा बसवला. बातमीदाराच्या आणि बातमीत बोलणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याचा नि आवाजाचा साचा त्या डब्यात असतो. मूळ बातमी आली की डबा ती त्या घरच्या बोलीत घालतो, ओठांची हालचालही त्याच शब्दांबरहुकूम करतो. 'का?' विचारायचं तर चंद्रपूरच्या घरात सुकेशनी 'काऊन' म्हणते, धुळ्यात 'काबरं'. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबा रडले होते. शहरात जाऊन पोरगी साहेबांसारखं बोलायला लागली होती, ती टीव्हीवर पुन्हा घरची झाली म्हणून.

"बोली बदलायची होती निनाद. अर्थ नाही."

"हे बघ, डब्यावर कॅमेरा असतो, बरोबर? माणसाचं हृदय एकदा धडकलं की गालात रक्त चढतं आणि कातडीचा रंग कणभर बदलतो. आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून नाडी कळते. नजर कुठे आहे तेही कळतं. माणूस घाबरून टीव्ही बंद करणार आहे की कंटाळून, हे त्याच्या आधी डब्याला समजतं. त्याला आपण एवढंच सांगितलंय, समोरच्या माणसाला उठू देऊ नकोस. बाकीचं तो स्वतः शिकला. आधी शब्द बदलले, मग क्रम, मग... जे लागेल ते."

"म्हणजे जो घाबरतो त्याला धीर द्यायचा, जो चिडतो त्याला आणखी चिडवायचं?"

"आपण नाही गं करत! कोणी माणूस बसून खोटं लिहीत नाही. त्याची लेखी हमी आहे आपली."

कोणी खोटं लिहीत नाही! वा रे हमी! खोटं कोणी लिहिलं नाही, कोणी बोललं नाही, कोणी सहीसुद्धा केली नाही. तरी ते घराघरात पोचलं, आणि तेही सुकेशनी रामटेकेचं तोंड लावून.

"बंद कर ते. आत्ता. माझे बाबा त्या भिंतीखाली राहतात."

"एका गावासाठी बंद नाही होत. डबे आपापल्या घरी चालतात. फार तर समोर सहापेक्षा जास्त चेहरे आले की गोंधळतात. इतक्या नाड्या एकदम सांभाळता येत नाहीत, मग मूळ बातमी जशीच्या तशी सोडतात. पण घोळक्याने टीव्ही बघतंय कोण आता? हॅलो? बाबांना फोन कर ना तू, सोपं आहे."

तिने फोन कापला.

*

बाबा खाटेवर बसून टीव्ही बघत होते. कालच्याच कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण चालू होतं. पोरीला दारात बघून त्यांचा चेहरा उजळला, पण नजर पुन्हा पडद्याकडे गेली. "ये, ये. तुहंच चालू हाय."

पडद्यावर निवृत्त अभियंता वासुदेव कोरडे बंधाऱ्याच्या पायथ्याशी खुर्चीवर बसले होते. खरे कोरडे काय म्हणाले होते, ते सुकेशनीला पाठ होतं. 'भिंतीतून पाणी झिरपणं वाईट नाही. पण हे गढूळ आहे बघा. गढूळ म्हणजे पाणी भिंतीची माती बरोबर घेऊन चाललंय. भिंत आतून धुऊन निघतेय. माणसं हलवा.'

पडद्यावरचे कोरडे म्हणाले, "भितीतून पाणी झिरपलंच पाह्यजे. मंग आतला दाब कमी होते. हे पाणी दिसून राह्यलं, म्हणजे भित आपलं काम करून राह्यली."

अर्धं खरं, अर्धं खोटं. आणि मग कॅमेरा सुकेशनीवर आला. ती डोळे किंचित बारीक करून मन लावून ऐकत होती. तिने मान डोलावली. एकदा, दोनदा. पटल्यासारखी.

ही मान मात्र खरी होती. यात डब्याने काहीच बदललं नव्हतं.

मुलाखत संपली की बोलणारा माणूस उठून चहा प्यायला जातो. मग कॅमेरा उलटा फिरवतात आणि बातमीदार रिकाम्या खुर्चीकडे बघून मान डोलावतो. कधी गंभीर, कधी हळहळत, कधी 'असं होय!' अशी. संकलन करताना जोड झाकायला हे शॉट लागतात. या धंद्यात त्यांना होकाराचे शॉट म्हणतात. सुकेशनीने हयातभर ते दिले होते. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रिकाम्या खुर्चीला दिलेला होकार तो. आता त्या खुर्चीत कोणीही बसत होतं आणि काहीही बोलत होतं, आणि सुकेशनी डोलत होती.

"बाबा, हे खोटं आहे! उठा!" ती ओरडली.

बाबा दचकले. त्यांचा हात छातीकडे गेला. त्याच क्षणी पडद्यावरच्या सुकेशनीने आवाज खाली आणला, चेहरा मऊ केला आणि म्हणाली, "घाबराचं काही काम नाही. घरात बसा. मी हावो ना."

म्हाताऱ्याचा हात छातीवरून खाली आला.

सुकेशनीच्या एका आरोळीने बापाचं काळीज उडालं होतं. पडद्यावरच्या दुसरीने ते जागेवर बसवलं, तिच्याच तोंडाने.

तिने टीव्ही बंद केला. बाबांनी निमूटपणे रिमोट उचलून पुन्हा चालू केला. "बातम्या होऊ दे," ते म्हणाले. "मंग बोलू."

*

बाहेर इस्माईल धावत आला. "ताई, टेकडीपुऱ्यात लोक काठ्या घेऊन उभे आहेत."

टेकडीपुरा म्हणजे गावाचा वरचा अर्धा भाग. शाळेकडे जाणारा एकुलता एक रस्ता तिथूनच जातो. रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली आणि तिच्यापुढे सरपंच देवराव कुडमेथे उभा होता.

"या मॅडम," तो म्हणाला. "तुमच्यामुळं डोळे उघडले आमचे. बोडीपुऱ्यावाल्यांनी कारखान्यासंग साटंलोटं केलं, आता घाबरल्याचं सोंग करून आमच्या शाळेत घुसतील, शाळेची जागा बळकावतील. बरं झालं तुम्ही सांगतलं. एक माणूस वर येऊ देत नाही आम्ही."

"मी असलं काहीही बोलले नाही, देवरावभाऊ."

"माह्या डोळ्यानं पाह्यलं ना!"

"डब्याने शब्द बदलले. मी समोर उभी आहे, मी सांगतेय."

देवरावने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काल एक अन् आज एक? कोणी दमदाटी केली काय तुम्हाले?"

इस्माईलने मोबाईलवर मूळ चित्रण दाखवायचा प्रयत्न केला. मागून एक बाई फिसकन हसली. "मोबाईलवर तं माह्या सासूलेबी नाचताना दाखवते माहा भाचा. टीव्हीचं सांग!"

मोबाईलवर सगळं खोटं असतं, हे लोकांना एव्हाना कळून चुकलं होतं. टीव्ही तेवढा खरा राहिला होता. सुकेशनीला हसावं की डोकं आपटावं कळेना. मग निनादचं बोलणं तिला आठवलं. सहापेक्षा जास्त चेहरे.

"ठीक आहे, टीव्हीचंच बघू," ती म्हणाली. "भाऊ, तुमचा टीव्ही डब्यासकट बाहेर ओट्यावर आणा. बोडीपुऱ्याच्या लोकांना मी बोलावते. तुम्ही सगळे आणि ते सगळे, एकाच टीव्हीसमोर बसा. मी कारखान्याला सामील झाले असेन तर सगळ्यांदेखत माझं तोंड काळं करा."

ही भाषा देवरावला कळली. "आन रे टीव्ही."

अर्ध्या तासाने ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर दोन्ही पुरे जमले होते, मधे हातभर अंतर आणि हातात काठ्या. एकमेकांकडे न बघता टीव्हीकडे बघत. सुकेशनीने पुनःप्रक्षेपण पहिल्यापासून लावलं. पडदा अडखळला. तिच्या चेहऱ्याचा खालचा भाग क्षणभर चिखलासारखा कालवला गेला, ओठ तीन-चार आकार घेऊ पाहत होते. पुढे बसलेली एक पोर किंचाळली. मग चित्र स्थिर झालं आणि पडद्यावरची सुकेशनी साध्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "पळसबोडीच्या लोकांनो, राग नंतर काढा. आधी घर सोडा."

कोरडे बोलले. गढूळ पाणी, धुऊन निघणारी भिंत, माणसं हलवा. सगळं.

बोडीपुऱ्यातल्या वच्छलाकाकू चहांदे उठून उभ्या राहिल्या. "माह्या घरी तं हे असं नोहतं," त्या म्हणाल्या. "माह्या घरी तू म्हणली होती का टेकडीवाल्यांनी आपल्यासाठी गाडी आडवी लावली, मराले सोडलं आपल्याले."

"अन् आमच्या घरी..." देवराव हातातल्या काठीकडे बघत राहिला. बैलगाडी त्यानेच खरी आडवी लावली होती. खोटं बोललेलं त्याच्या हातून खरं झालं होतं.

"गाडी काढा रे," तो म्हणाला. मग ओरडला, "ट्रॅक्टर काढा! ट्रॉल्या जोडा!"

बोडीपुरा रिकामा व्हायला लागला. टेकडीपुऱ्याची पोरं म्हाताऱ्या बायांना पाठुंगळी घेऊन चढत होती. फक्त लटारी मोहुर्लेचं दार बंद होतं. तो आणि त्याची बायको ओट्यावर आलेच नव्हते. इस्माईलने दार बडवलं. आतून टीव्हीचा आवाज आणि लटारीचा आवाज: "बातम्या झाल्या का येतोच, बाप्पा!"

*

बाबाही ओट्यावर आले नव्हते. गुडघे दुखतात म्हणाले होते.

सुकेशनी आत शिरली तेव्हा उजेड कमी झाला होता. कार्यक्रम कधीच संपला होता. तरी पडद्यावर ती होतीच, घरच्यासारखी बसलेली. एकट्या माणसांसाठी वाहिनीने हा नवा प्रकार काढला होता, बातमीनंतर चार शब्द गप्पा. तिला तो फक्त ऐकून माहीत होता.

"बाबा, संध्याकाळची गोळी घेतली का?" पडद्यावरची विचारत होती.

"घेतली व," बाबा म्हणाले.

"पांढरी का पिवळी?"

"पिवळी."

गोळी पिवळी असते, हे सुकेशनीला माहीत नव्हतं.

"बाबा, ट्रॉली उभी आहे. चला."

"बाबा," पडद्यावरची म्हणाली, "बसा ना थोडं. जाऊ नका."

म्हाताऱ्याने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. सुकेशनीने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, रागाने नाही, हळूच.

"तू येतं अन् ओरडतं," ते म्हणाले. "हे रोज येते. माहं समदं इले मालूम हाय. हे म्हणते बस, तू म्हणतं ऊठ. म्या कोणाचं आयकू?"

"ती मी नाही बाबा. ते यंत्र आहे. तुम्ही समोरून उठू नये एवढंच त्याला हवंय."

"मालूम हाय मले," बाबा म्हणाले.

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"म्हातारा हावो, येडा नाही. तू इतकी गोड कधी बोलत होती? पण घरात कोणी बोलून तं राह्यलं."

बाहेर ट्रॅक्टरचा भोंगा वाजत होता. देवराव हाका मारत होता. तिने चपला काढल्या आणि खाटेवर बाबांशेजारी पाय वर घेऊन बसली.

"काय करून राह्यली?"

"बसले. तुम्ही नाही उठत, मंग मी बी इथंच." तिची बोली कधी तोंडात आली तिलाच कळलं नाही. "भित फुटली तं दोघं मिळून जाऊ."

"पागल झाली काय? ऊठ!"

"नाही उठत."

पडद्यावरची दोन चेहरे बघून गोड हसली. "दोघं बसले, किती बरं वाटते!"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उभे राहिले.

"हे काही बुडत नाही," ते म्हणाले. "तू बुडशीन. चाल."

*

भिंत पहाटे गेली. पाण्यासारखा आवाज झालाच नाही. ओल्या सिमेंटसारखी करडी राख घरांवर चढली, कौलांपर्यंत आली आणि थांबली. शाळेच्या पटांगणातून सगळं गाव बघत होतं. बोडीपुरा कुठे होता, ते वीजतारांच्या खांबांवरून तेवढं ओळखू येत होतं. लटारीचं दार त्यात कुठेतरी होतं. शेवटच्या ट्रॉलीत जागा होती. देवरावने ती लटारी नि त्याच्या बायकोसाठी मोकळी ठेवली होती.

निनादचा फोन आला. "लगेच लाईव्ह दे! सगळ्या महाराष्ट्राचे डोळे तुझ्यावर आहेत."

"कोणत्या महाराष्ट्राचे?" तिने विचारलं. "आणि मी काय बोलणार आहे, ते ठरलंय का प्रत्येक घरात?"

"सुकेशनी, आत्ता भांडू नकोस."

तिने फोन इस्माईलकडे दिला. मग पटांगणातल्या सगळ्यांना हाक मारली. "कॅमेऱ्यासमोर बसू नका, माझ्यासमोर बसा." लोक जवळ सरकले. बाबा पुढे येऊन मातीत बसले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे त्यांनी पाठ केली.

"बोल," ते म्हणाले. "आयकून राह्यलो."

ती बोलली. कारखान्याचं नाव घेतलं, तहसीलदाराचं घेतलं, स्वतःच्या वाहिनीचंही घेतलं. लटारी मोहुर्ले आणि त्याच्या बायकोचं नाव दोनदा घेतलं. सहा मैलांपलीकडच्या एखाद्या घरात ती त्याच वेळी काय सांगत होती, कोण जाणे.

मग देवराव शाळेतल्या खुर्चीवर बसून बोलला. बैलगाडीचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि डोळे पुसत उठून गेला. त्याची खुर्ची रिकामी राहिली.

इस्माईलने सवयीने कॅमेरा उलटा फिरवला. "ताई, होकाराचे दोन शॉट."

सुकेशनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. इस्माईल थांबला, परत म्हणाला, "ताई?"

तिची मान हलली नाही.